कंप्रेसर गेला म्हणण्याआधी काय काय तपासायचं

तुमचा प्रश्न वाचला. थोडक्यात असा की अकोल्यात घर, दीड टनाचा साधा म्हणजे नॉन-इन्व्हर्टर स्प्लिट एसी, सहा उन्हाळे झालेत. गेल्या आठवड्यापासून दुपारी थंडावा येत नाही. आतला ब्लोअर चालू, बाहेरचा पंखाही फिरतो, पण कंप्रेसर नुसता घूं करतो, पाच-सात सेकंदात टक् असा आवाज येतो आणि गप्प, थोड्या वेळाने परत तेच. रात्री उशिरा मात्र कधीकधी नीट सुरू होतो. मेकॅनिक येऊन गेले, जरा वेळ बघितलं आणि म्हणाले कंप्रेसर गेला, एवढा खर्च करण्यापेक्षा नवा एसी घ्या. तर घ्यावा का?

लगेच घेऊ नका. एसी बदलायचा की नाही हे नंतर बघू, आधी कंप्रेसर खराब आहे हे ठरवलं कशावरून ते मला कळलेलं नाही. तुम्ही लिहिलेल्यात कुठेही एक आकडा नाही. व्होल्टेज किती होतं, कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग) मीटरवर किती भरला, सुरू होताना करंट किती खेचला, वाइंडिंगचे म्हणजे मोटरमधल्या तांब्याच्या वेढ्यांचे ओहम (विजेला होणारा अडथळा) किती आले, काहीच नाही. आणि रात्री तो सुरू होतो ही तुम्ही जाता जाता लिहिलेली गोष्ट माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण जळालेलं वाइंडिंग रात्री बरं होत नाही. जो कंप्रेसर रात्री चालतो त्याचं वाइंडिंग बहुतेक शाबूत आहे, त्याला दुपारी सुरू व्हायला जोर कमी पडतोय. तो जोर कुठे कमी पडतो ते शोधायचं.

इथे बसून मी शंभर टक्के निदान करू शकत नाही हे आधीच सांगतो. तुमच्या घरचा सप्लाय, वायर किती लांब आणि किती जाड, स्टॅबिलायझर आहे की नाही, आउटडोअर कुठल्या बाजूच्या उन्हात आहे, गॅस कुठला आहे, ह्या सगळ्यावर उत्तर बदलतं. पण मी अमरावतीकडे हेच काम करतो, आपल्याकडचा एप्रिल-मे कसा असतो ते माहीत आहे, आणि ह्या लक्षणात मी कुठल्या क्रमाने बघतो आणि का बघतो ते सांगतो, म्हणजे पुढचा मेकॅनिक आला की त्याला नेमकं काय विचारायचं ते तुमच्या हातात राहील.

आधी जिवाचं. आउटडोअरचं कव्हर तुम्ही स्वतः उघडू नका. एसी बंद केला तरी कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो आणि तो जोरदार झटका देतो. कंप्रेसरच्या डोक्यावर तीन पिना असतात, त्यावर प्लास्टिकची टोपी असते, ती टोपी काढलेली असताना सप्लाय चालू करणं हे आमच्या कामातलं सगळ्यात धोक्याचं काम आहे. आत वाइंडिंग शॉर्ट असेल तर ती पिन काचेच्या सीलसकट बाहेर फेकली जाऊ शकते, मागोमाग गरम ऑइल आणि गॅस फवाऱ्यासारखा येतो आणि ठिणगी मिळाली तर पेटतो. तुमच्या एसीच्या प्लेटवर आर-३२ किंवा आर-२९० लिहिलं असेल तर तो गॅस स्वतःच ज्वलनशील आहे, २९० तर फारच. त्यामुळे टोपी लावूनच चालू करायचं, मोजायचं ते बाहेरच्या वायरवर मोजायचं. मेकॅनिक टोपी उघडी ठेवून चालू करत असेल तर त्याला थांबवा, घर तुमचं आहे.

आता हा कंप्रेसर सुरू कसा होतो ते थोडं समजून घ्या, बाकी सगळं मग सोपं आहे. आतमध्ये सिंगल फेज मोटर असते, तिला दोन वाइंडिंग, एक रनिंग आणि एक स्टार्टिंग. तीन पिना म्हणजे कॉमन, रनिंग, स्टार्टिंग, त्यांना सी, आर, एस म्हणतात. सिंगल फेज सप्लाय नुसता रनिंगला दिला तर मोटर घूं करते पण फिरत नाही, तिला फिरायची दिशा मिळत नाही. स्टार्टिंग वाइंडिंगच्या लाइनमध्ये कपॅसिटर असतो, तो त्या वाइंडिंगचा करंट पुढे सरकवतो आणि त्यातून फिरायला जोर मिळतो. चढावर उभी असलेली गाडी ढकलताना पहिला धक्का जसा मोठा लागतो तसं इथेही आहे, सुरू होतानाचा करंट चालू करंटच्या पाच-सहा पट असतो. दीड टनाचा साधा एसी चालू असताना साधारण सात-आठ अँपियर घेतो, पण सुरू होताना क्षणभर चाळीसच्या आसपास जातो. रोटर (मोटरचा फिरणारा भाग) फिरला की अर्ध्या-एक सेकंदात करंट खाली येतो. फिरलाच नाही तर तो चाळीसवरच राहतो, वाइंडिंग तापायला लागतं, आणि पाच-सात सेकंदात ओव्हरलोड प्रोटेक्टर म्हणजे ओएलपी सर्किट तोडतो. तोच तुमचा टक् आवाज. म्हणजे टक् आवाज आला की काहीतरी फुटलं असं समजू नका, तो कंप्रेसरला वाचवणारा भाग आहे आणि तो त्याचं काम नीट करतोय.

म्हणून मी कुठल्याही घरी गेलो की पहिली गोष्ट, मीटर काढायच्या आधी, नुसतं ऐकतो. किती वेळाने बंद पडतो? घूं करून काही सेकंदातच टक् होत असेल तर सुरू होण्यातला दोष, म्हणजे व्होल्टेज, कपॅसिटर, जोड किंवा जाम. छान सुरू होऊन वीस-तीस मिनिटं चालून बंद पडत असेल तर ते तापण्याचं प्रकरण, म्हणजे कंडेन्सर म्हणजे बाहेरच्या कॉइलवर धूळ, बाहेरचा पंखा हळू फिरतोय, गॅस कमी, किंवा आउटडोअर अशा कोपऱ्यात बसवलाय की तीच गरम हवा परत ओढतो. काहीच आवाज नसेल, घूं पण नाही, तर सप्लाय पोचत नाही नाहीतर ओएलपी अडकलाय. आणि चालू करताक्षणी एमसीबी (बोर्डातलं आपोआप पडणारं बटण) पडत असेल तर ते शॉर्टचं प्रकरण, तिथे परत परत एमसीबी वर करून बघायचंच नाही. तुमचं पहिल्या गटात बसतं. एमसीबी पडत नाही हेही चांगलं लक्षण आहे, बॉडी शॉर्टची म्हणजे वाइंडिंग लोखंडी डब्याला टेकल्याची शक्यता त्याने बरीच कमी होते.

आता दुपारी नाही पण रात्री हो, असं का? दोन कारणं एकत्र येतात. दुपारी ४४-४५ डिग्रीला बाहेरची कॉइल आधीच भाजलेली असते, आतलं प्रेशर जास्त, त्यामुळे कंप्रेसरला सुरू व्हायला जास्त जोर लागतो. आणि नेमकं त्याच वेळी गल्लीतले सगळे एसी-कूलर चालू, व्होल्टेज खाली. मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, हे फार कमी लोक लक्षात घेतात. २३० च्या जागी १८४ मिळालं म्हणजे व्होल्टेज वीस टक्के कमी झालं, पण जोर शंभराचा चौसष्ट झाला, एक तृतीयांशाहून जास्त गेला. त्यात कपॅसिटर थोडा उतरलेला असेल तर संपलंच. रात्री हवा थंड, व्होल्टेज वर, म्हणून तोच कंप्रेसर त्याच अशक्त कपॅसिटरवर कसाबसा उठतो.

म्हणून पहिलं माप व्होल्टेजचं, आणि ते कुठे आणि कधी घेतलं ह्यावर सगळं आहे. बरेच जण एसी बंद असताना प्लगमध्ये मीटर लावतात, २२० दाखवतो, म्हणतात सप्लाय ओके. त्याला काही अर्थ नाही. करंटच वाहत नसेल तर खराब जोडसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो. मीटर लावायचा आउटडोअरच्या टर्मिनल ब्लॉकवर, आणि आकडा बघायचा नेमका कंप्रेसर घूं करतो त्या सेकंदांत.

एक उदाहरण सांगतो, अगदी तुमच्यासारखंच होतं. मूर्तिजापूरकडचं घर, दुसऱ्या मजल्यावर एसी, त्यांनाही कंप्रेसर बदला सांगितलेलं. आउटडोअरला मीटर लावला, बंद असताना २२४. कंप्रेसरला सप्लाय गेला आणि आकडा धाडकन १६५ वर, टक् झालं, परत २२४. आता हे व्होल्टेज रस्त्यावरून कमी येतंय की घरात पडतंय? खाली मीटर बोर्डावर घरातल्या मुलाला दुसरा मीटर धरायला लावला आणि परत चालू केलं, तिथे त्याच क्षणी २१४. म्हणजे पन्नास व्होल्ट घरातल्या घरातच कुठेतरी गायब होत होते. इनडोअर युनिट भिंतीवरून थोडं पुढे ओढलं तर मागे वायरला जोड दिलेला, जाड वायर आणि साधी फ्लेक्सिबल वायर नुसती पिळून वर काळी टेप. टेप वितळून चिकट झालेली, खालची तांब्याची तार काळीनिळी पडलेली, वास तर हात लावण्याआधीच आला. चाळीस अँपियर गुणिले पन्नास व्होल्ट म्हणजे दोन हजार वॅटची उष्णता त्या वायरवर आणि त्या जोडावर, प्रत्येक वेळी काही सेकंद. तिथे आग लागली नाही हे नशीब. जोड काढून अखंड ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकली, कंप्रेसर पहिल्या झटक्यात उठला.

तेव्हा तुमच्याकडेही बोर्डापासून आउटडोअरपर्यंत प्रत्येक जोड बघायला सांगा. प्लग टॉप आणि सॉकेट (हे तुम्हीसुद्धा बघू शकता, मेन बंद करून प्लग काढायचा, पिन काळी पडलीय का, सॉकेटचं प्लास्टिक तपकिरी झालंय का), एमसीबीचे स्क्रू, स्टॅबिलायझरचे टर्मिनल, इनडोअरच्या पीसीबीवरचा म्हणजे सर्किट बोर्डावरचा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच), आउटडोअरचा टर्मिनल ब्लॉक, आणि कंप्रेसरच्या पिनांवरचे थिंबल (वायरच्या टोकाला लावलेले धातूचे जोड). थिंबल सैल झालं की तापतं, तापलं की आणखी सैल होतं, शेवटी पिनच जळते. साध्या स्प्लिटमध्ये कंप्रेसरचा सगळा करंट बहुतेक इनडोअर पीसीबीवरच्या एका छोट्या रिलेतून जातो, त्याचे पॉइंट जळाले तर तोही व्होल्टेज खातो. आउटडोअरमध्ये कॉन्टॅक्टर (कंप्रेसरचा करंट जोडणारा मोठा स्विच) असेल तर त्यात मुंग्या किंवा पाल अडकून पॉइंट नीट न बसणं हे आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर नेहमीचंच.

मीटर बोर्डावरच व्होल्टेज १८० च्या खाली जात असेल तर मात्र गोष्ट वेगळी, मग दोष तुमच्या घरात नाही. १९१२ वर तक्रार नोंदवा, ट्रान्सफॉर्मरवरचा लोड किंवा खांबावरचा सैल जोड असू शकतो, आणि तोपर्यंत ४ केव्हीएचा, कमी व्होल्टेजला चालणारा स्टॅबिलायझर लावा. पण एक लक्षात ठेवा, स्टॅबिलायझर वीज बनवत नाही, बाहेर व्होल्टेज वाढवून द्यायला तो मागून तेवढाच जास्त करंट ओढतो. मागची वायर बारीक किंवा जोड खराब असेल तर स्टॅबिलायझर लावून ते आणखी तापतं.

व्होल्टेज ठीक निघालं की कपॅसिटर. तुमच्या लक्षणात माझा सगळ्यात जास्त संशय ह्याच्यावरच आहे. दीड टनाला कंपनी-मॉडेलप्रमाणे ३५ ते ५० एमएफडीच्या (मायक्रोफॅरडच्या, हे कपॅसिटरचं माप) दरम्यान काहीतरी असतो, त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं, समजा ३६ एमएफडी, ४४० व्होल्ट, अधिक-उणे ५ टक्के. म्हणजे ३४ ते ३८ च्या मध्ये भरला पाहिजे. गच्चीवर पश्चिमेच्या उन्हात पत्र्याच्या पेटीत बसून तो दर उन्हाळ्यात थोडा थोडा उतरत जातो. वरचं झाकण फुगलेलं दिसलं किंवा तेल गळालेलं दिसलं तर मोजायचीही गरज नाही, काढून टाकायचा. पण फुगलेला नाही म्हणजे चांगला आहे असं मात्र नाही. दिसायला नवाकोरा कपॅसिटर २५ भरलेला मी कितीदा बघितलाय.

मोजायचे दोन मार्ग. एक, सप्लाय बंद करून, कपॅसिटर टेस्ट लॅम्पने किंवा १५-२० किलोओहमच्या रेझिस्टरने डिस्चार्ज करून, वायर काढून मीटरवर. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करणारे आहेत, तसं करू नये, कपॅसिटर आतून दुखावतो आणि डोळ्याला धोका. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो कारण त्यात कपॅसिटर खऱ्या लोडवर मोजला जातो, तो रात्री कंप्रेसर चालू असेल तेव्हा जमेल. स्टार्टिंगच्या वायरला टाँग टेस्टर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर) लावायचा, कपॅसिटरच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजायचं, करंटला ३१८३ ने गुणून व्होल्टेजने भागायचं. आपल्या ५० हर्ट्झच्या सप्लायला हा हिशोब बरोबर बसतो. म्हणजे ४.५ अँपियर आणि ३९० व्होल्ट आले तर ३६.७ एमएफडी, उत्तम. ३ अँपियर आणि ३५० व्होल्ट आले तर २७ च्या आसपास, बदला. कपॅसिटरवर २३० पेक्षा बरंच जास्त व्होल्टेज दिसतं म्हणून घाबरू नका, ते तसंच असतं, पण म्हणूनच ४४० व्होल्टचाच घ्यायचा.

आणि बदलताना तेवढ्याच एमएफडीचा टाका. ३६ च्या जागी ५० टाकला की जोर येतो म्हणून टाकणारे आहेत, सुरू होईलही, पण स्टार्टिंग वाइंडिंगमधून कायम जास्त करंट जातो आणि एकदोन उन्हाळ्यात तेच जळतं. तेव्हा मग खरंच कंप्रेसर गेलेला असतो. कपॅसिटर काही शे रुपयांत मिळतो आणि बदलायला फार वेळ लागत नाही, त्यामुळे कंप्रेसर गेला म्हणण्याआधी खात्रीचा नवा कपॅसिटर लावून बघणं ही कमीत कमी अपेक्षा आहे. तुमच्या मेकॅनिकने हे केलं का, ते तुमच्या लिहिण्यातून कळत नाही, विचारा.

अजून एक चूक टेस्टिंगच्या वेळी खूप होते. कंप्रेसर बंद पडल्यावर आतलं एका बाजूचं जास्त प्रेशर आणि दुसऱ्या बाजूचं कमी प्रेशर सारखं व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. त्याआधी परत चालू केला तर चांगला कंप्रेसरही उठत नाही. म्हणूनच रिमोटने चालू केल्यावर एसी तीन मिनिटं थांबतो. मेकॅनिक घाईत असेल, डायरेक्ट वायर लावून चालू-बंद-चालू करत असेल, तर प्रत्येक वेळी घूं-टक्, आणि निष्कर्ष काय तर जाम झालाय. दोन प्रयत्नांत किमान पाच मिनिटं जाऊ द्या.

आता वाइंडिंग. हे सप्लाय बंद, कपॅसिटर डिस्चार्ज, पिनांवरच्या वायर काढून. मीटर ओहमवर, आधी दोन्ही प्रोब एकमेकांना लावून जे येईल, ०.३ वगैरे, ते नंतर वजा करायचं, कारण इथे आकडेच लहान आहेत. समजा सी-आर २.१, सी-एस ३.४, तर आर-एस ५.५ आलं पाहिजे, म्हणजे दोघांची बेरीज. मॉडेलप्रमाणे आकडे बदलतील, पण बेरीज बसायला हवी. बेरीज बसली म्हणजे वाइंडिंग कुठे तुटलेलं नाही आणि पिना बरोबर ओळखल्यात एवढंच सिद्ध होतं. वाइंडिंग शंभर टक्के चांगलं आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. आतल्या आत काही वेढे एकमेकांना चिकटले असतील तर त्या वाइंडिंगचा आकडा कमी येतो, पण बेरीज तरीही बसतेच, ते एकामागे एक जोडलेलेच आहेत ना. ते पकडायला कंपनीच्या सर्व्हिस डेटातला आकडा किंवा त्याच मॉडेलचा दुसरा कंप्रेसर लागतो.

इथला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज म्हणजे ओएलपीचा. काही कंप्रेसरला ओएलपी बाहेर, टोपीखाली असतो, तो बदलता येतो, थंड असताना त्याच्या दोन टोकांत जवळजवळ शून्य ओहम यायला हवा. पण काहींना तो आतच असतो, वाइंडिंगमध्ये, कॉमनच्या लाइनीत. तो तापून उघडला की सी-आर काहीच दाखवत नाही, सी-एस काहीच दाखवत नाही, आणि मेकॅनिक म्हणतो वाइंडिंग ओपन, गेला. पण त्या वेळी आर-एस मोजून बघायचं. आर-एस व्यवस्थित आकडा दाखवत असेल तर दोन्ही वाइंडिंग शाबूत आहेत, आतला ओएलपी उघडलाय एवढंच. मे महिन्यात दुपारी भाजलेल्या कंप्रेसरच्या लोखंडी डब्यात तो परत बसायला एकदोन तास आरामात जातात, कधी त्याहून जास्त. अशा वेळी सकाळी सहाला परत मोजायचं, सगळे आकडे आले तर कंप्रेसर चांगला आहे, तो तापला का ते शोधायचं. पूर्ण थंड झाल्यावरही सी बंदच आणि आर-एस चालू, तर मात्र आतला ओएलपी कायमचा गेला, त्याला इलाज नाही.

बॉडी शॉर्टबद्दल थोडक्यात. साध्या मल्टिमीटरने पिन आणि कॉपर पाइप यात काही दाखवलं तर शॉर्ट नक्की, पण काहीच दाखवलं नाही म्हणजे चांगला असं होत नाही, तो बॅटरीच्या थोड्याशा व्होल्टने तपासतोय आणि वाइंडिंगवर २३० आहे. ह्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टने इन्सुलेशन तपासणारा मीटर) लागतो. काही मेगाओहम आणि त्याच्या वर आलं की ठीक. एक मेगाओहमच्या खाली आलं आणि गरम-थंड दोन्ही वेळा तसंच राहिलं तर वाइंडिंगचं इन्सुलेशन गेलंय. थंड कंप्रेसरमध्ये ऑइलात गॅस विरघळलेला असतो तेव्हा आकडा थोडा कमी येतो, म्हणून एका रीडिंगवर निकाल देऊ नये. आणि सिस्टिम व्हॅक्यूमवर असताना मेगरही लावायचा नाही, कंप्रेसरही चालवायचा नाही, व्हॅक्यूममध्ये पिनांच्या मध्ये ठिणगी उडून चांगलं वाइंडिंग जळतं.

एवढं सगळं झालं, म्हणजे सुरू होतानाच्या क्षणी आउटडोअरला २०० च्या वर व्होल्टेज, नवा कपॅसिटर, थिंबल नवे घट्ट, प्रेशर सारखं होऊ दिलेलं, ओहमचे आकडे बरोबर, आणि तरीही टाँग टेस्टर चाळीसवर अडकून टक् होतंय, तर मी म्हणेन की कंप्रेसर आतून जाम आहे किंवा वेढे चिकटलेत. जुन्या, घासलेल्या कंप्रेसरला हार्ड स्टार्ट किट (सुरू होताना क्षणभर जादा जोर देणारा भाग) लावून एखादा सीझन काढता येतो, कधी त्याहून जास्तही. पण तो इलाज कंप्रेसर म्हातारा झालाय म्हणून करायचा, सैल जोड झाकायला नाही.

तुमचा एसी इन्व्हर्टर नाही म्हणून बरं, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो, वरचं कपॅसिटर आणि सी-आर-एसचं काही इन्व्हर्टरला लागू होत नाही. तिथे कंप्रेसर तीन फेजवर चालतो, यू, व्ही, डब्ल्यू, तिन्ही जोड्यांत सारखाच ओहम यायला हवा, साधारण एक-दोन ओहम किंवा त्याहूनही कमी. तिन्ही सारखे असतील तर कंप्रेसरवर संशय घेण्याआधी आउटडोअर पीसीबी बघायचा, विशेषतः आयपीएम मॉड्यूल, म्हणजे कंप्रेसरला तीन फेज पुरवणारा भाग. इन्व्हर्टर कंप्रेसरला डायरेक्ट २३० व्होल्ट लावून बघायचं नाही, कधीच नाही. आणि त्या पीसीबीवरच्या मोठ्या कपॅसिटरांत बंद केल्यावरही तीनशे व्होल्टच्या वर डीसी राहतं, दहा मिनिटं थांबून मीटरने खात्री केल्याशिवाय हात घालायचा नाही.

आता पैशाचं. सगळ्यात आधी वॉरंटी कार्ड शोधा. बऱ्याच कंपन्या कंप्रेसरवर पाच किंवा दहा वर्षं देतात आणि तुमची सहाच झालीत. दहा वर्षांची असेल तर कंप्रेसर मिळेल, गॅस आणि मजुरी बहुतेक द्यावी लागेल, नियम कार्डावर असतात. त्यामुळे बाहेरच्या मेकॅनिककडून सिस्टिम कापून घेण्याआधी कंपनीच्या सर्व्हिसला कळवा, कापल्यावर ते हात वर करतात. वॉरंटी नसेल तर कॉइल कुठे गळतेय का, पूर्वी कितीदा गॅस भरलाय, ह्यावर ठरवा. कॉइल चांगल्या असतील तर सहा वर्षांच्या मशीनला कंप्रेसर टाकायला हरकत नाही. दरवर्षी गॅस भरत आला असाल तर पैसे घालू नका.

कंप्रेसर खरंच जळून बदलायचा झाला तर काम कसं करतात ह्याकडे लक्ष द्या. जळालेल्या वाइंडिंगमुळे ऑइलमध्ये ॲसिड होतं, ते पाइपात राहिलं की नवा कंप्रेसरही त्याच वाटेने जातो आणि लोक म्हणतात माल डुप्लिकेट होता. लाइन फ्लश केली पाहिजे, फिल्टर ड्रायर असेल तर तो नवा, नायट्रोजनने प्रेशर टेस्ट, मग पंपाने नीट व्हॅक्यूम (थोडा गॅस सोडून हवा काढली, हे चालणार नाही), आणि गॅस प्लेटवर लिहिलेल्या वजनाइतका वजनकाट्यावर. कंप्रेसर त्याच गॅसचा हवा, आर-२२ चा ३२ ला चालत नाही, ऑइलच वेगळं असतं. आणि ज्या कारणाने पहिला गेला, बारीक वायर असो की पडलेलं व्होल्टेज, ते त्याच दिवशी दुरुस्त झालं पाहिजे.

तर तुम्ही सध्या इतकंच करा. दुपारी एसी लावणं बंद ठेवा, असं घूं-टक् दिवसभर चालू राहिलं तर चांगलं वाइंडिंगही भाजून निघतं, हे मी कळकळीने सांगतोय. मेन बंद करून प्लग-सॉकेट बघा, आउटडोअरची प्लेट आणि वॉरंटी कार्डाचा फोटो काढून ठेवा. मग ज्याच्याकडे टाँग टेस्टर आणि कपॅसिटर मोजणारा मीटर आहे असा माणूस बोलवा, फोनवरच विचारा आहे का. त्याच्याकडून चार आकडे कागदावर घ्या: सुरू होतानाचं आउटडोअरचं व्होल्टेज, त्याच वेळी मीटर बोर्डावरचं व्होल्टेज, कपॅसिटर लिहिलेला किती आणि भरला किती, आणि थंड असताना तिन्ही पिनांचे ओहम. ते मला कळवा, सोबत आउटडोअर कुठल्या दिशेला आहे आणि बोर्डापासून वायर अंदाजे किती मीटर आहे तेही लिहा, मग कंप्रेसर ठेवायचा की काढायचा ते नक्की सांगता येईल.